दहा मीटर एअर रायफलसाठी पेलेटची बॅच कशी निवडावी

पेलेट्स, म्हणजे एअर रायफलीचे शिशाचे छर्रे, मिलिग्रॅमच्या काट्यावर तोलून वजनाप्रमाणे डब्यांत लावायचा उद्योग मी दोन वर्षं केला. आता कोणी नवख्या मुलांना तो सल्ला देताना दिसलं की डोकं फिरतं. मॅच रायफलीतून सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटलेलं पेलेट दहा मीटरवर पोचेपर्यंत जेमतेम १७ मिमी खाली येतं. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटमध्ये ०.००५ ग्रॅमचा फरक पडला, तर कार्डावरचं छिद्र ०.२ मिमीसुद्धा हलत नाही. दशांशात गुण मोजतात तेव्हा ०.१ गुण म्हणजे कार्डावर ०.२५ मिमी. म्हणजे रात्र जागून तेवढाही गुण पदरात पडत नाही!

खरा फरक बॅचमध्ये, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपेत असतो. कंपनी तीच, मॉडेल तेच, डब्यावर हेड साइज (पेलेटच्या डोक्याचा व्यास) ४.५० मिमी तीच, तरी एक बॅच तुमच्या बॅरलला, म्हणजे नळीला मानवते आणि दुसरी नाही. दारूच्या काडतुसाची .२२ रायफल वापरणाऱ्यांचंही तेच. त्या काडतुसाचं स्फोटक कडेच्या रिममध्येच असतं, त्यामुळे ते घरी भरायचा प्रश्नच येत नाही. तेही बिचारे लॉट, म्हणजे काडतुसांची बॅच, तपासूनच घेतात.

तीन-चार बॅचचा एकेक डबा मिळवा. ओळखीच्या नेमबाजांकडून मूठ-मूठ उसनी आणली तरी चालतं, फक्त बॅच नंबर लिहून ठेवा. स्कर्ट (मागची पातळ पोकळ कड) चेपलेली पेलेट्स बाजूला काढा, सरावाला होतात.

आता क्लॅम्प, म्हणजे रायफल हाताऐवजी घट्ट धरून ठेवणारा शिकंजा. इथे मी सपशेल आपटलो होतो. बालेवाडीच्या रेंजवर एका संध्याकाळी पाच शॉटचा ग्रुप (एकाच कार्डावरच्या छिद्रांचा पुंजका) असा पडला की एकच छिद्र दिसत होतं. त्या आनंदात त्या बॅचचे दहा डबे घेतले, पाचशे पेलेट्सचा एक. पुढच्या आठवड्यात त्याच बॅचने दहा शॉटमध्ये दोन फेकले, एक डावीकडे आणि एक खाली. आधी स्वतःलाच दोष दिला, मग ट्रिगरला, मग हवेला. पुन्हा रायफल क्लॅम्पवर लावली तेव्हा कळलं की बॅच तशीच होती, त्या दिवशी नशीब चांगलं होतं. ते डबे संपवायला सगळा पावसाळा गेला.

तेव्हापासून पाच शॉटच्या ग्रुपवर माझा विश्वास नाही. प्रत्येक बॅचचे दहा-दहाचे तीन ग्रुप, प्रत्येकाला कोरं कार्ड. एखादा शॉट बाहेर गेला की ‘हा सोडून देऊ’ म्हणायचा मोह होतो. सोडायचा नाही. क्लॅम्पमध्ये तुमचा हात नसतो, तो शॉट पेलेटचाच आहे. व्हर्नियरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. माझ्या रायफलीत तिन्ही ग्रुप ६ मिमीच्या आत बसले तरच मी पुढे बघतो. एक ग्रुप ५ आणि दुसरा ८ असेल, तर ती बॅच बाद. सरासरी काढत बसू नका.

क्लॅम्प ॲक्शनवर (बॅरलमागच्या यंत्रणेच्या भागावर) घट्ट बसवा, बॅरलवर कधीच नाही; बॅरल दाबलं की कंपन बदलतं आणि तुम्ही क्लॅम्पची परीक्षा घेत बसता. रायफलीचा हवेचा सिलिंडर भरलेला घ्या. बॅच बदलली की पहिले दहा-पंधरा शॉट मोजायचे नाहीत, बॅरलला नवं शिसं लागायला वेळ लागतो. नुकतंच साफ केलेलं बॅरल असेल तर त्याहून जास्त. आणि पहिल्या दोन नंबरच्या बॅच दुसऱ्या दिवशी परत मारा. परत जिंकली तीच खरी.

ती ठरली की वर्षभराची एकदम उचला. त्याच नंबरची पुढच्या महिन्यात मिळेल या भरवशावर राहू नका.

डबे नेताना मात्र सांभाळा. कोथरूडहून चांदणी चौकातून बालेवाडीपर्यंत स्कूटरच्या डिकीत अर्धा रिकामा डबा खुळखुळत गेला, की मऊ शिशाच्या स्कर्टचं काय होतं ते झाकण उघडून बघा. तळाशी राखाडी भुकटी साचलेली असते. झाकणाखाली फोमची चकती घाला, आणि रेंजवरून निघताना हात साबणाने धुवा. शिशाच्या बोटांनी वडापाव खाणारे मी पुष्कळ पाहिलेत.