हलगीच्या ठेक्यावर स्काय शॉट

स्पर्धेच्या तयारीत आमच्या तालमीच्या टीमचे स्काय शॉट हलगीच्या ठेक्यामागून फुटायचे. वात पेटल्यापासून वर फुटेपर्यंतचा वेळ प्रत्येक प्रकाराचा वेगळा. म्हणून मोकळ्या माळावर एकेक उडवून मोबाईलवर शूट केलं, सेकंद मोजले आणि ठेक्याच्या तेवढं आधी पेटवायचं ठरवलं. खरं काम इथं झालं: हलगीच्या ऑडिओ फाईलचा डावा चॅनेल, म्हणजे हलगी, स्पीकरला; उजव्यात फक्त ‘तीन, दोन, एक, पेटव’, तो पेटवणाऱ्याच्या इयरफोनला. इयरफोन एकाच कानाला, दुसरा कान मोकळा हवाच, मागून कुणी ओरडलं तर कळायला. ठेका स्फोटाच्या उजेडाशी जुळवा, बारच्या आवाजाशी नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १०० मीटरवर बार उशिराच पोचणार. माल एकाच लॉटचा घ्या, भावांनो. लॉट बदलला की परत मोजा.