रोबो-मासा हव्या त्या खोलीवर थांबवायचा कसा?

शेपटी वळवळली आणि मासा पुढे सरकला की जिंकलो असं वाटतं. टाकीत सोडल्यावर मात्र तो बुचासारखा वर येतो, नाहीतर दगडासारखा तळ गाठतो. अशा वेळी लोक प्रोग्राम उघडून बसतात. खरं तर दोष बहुतेक वेळा पाच-दहा ग्रॅमचा असतो आणि तो वजनकाट्यावरच सुटतो.

उदाहरणासाठी ७५ मिमी बाहेरच्या व्यासाचा, ३० सेमी लांब पीव्हीसी पाइप घेऊ. तो १३२५ मिली पाणी बाजूला सारतो. शेपटी आणि पर धरून एकूण दीड लिटर समजा. मासा ना वर यावा ना बुडावा, तर त्याचं वजन सारलेल्या पाण्याइतकंच हवं. म्हणजे मासा भरला पाहिजे साधारण १५०० ग्रॅम. आडवा असताना तो ५ ग्रॅमने जड झाला, तर सेकंदाला सुमारे ६ सेमी वेगाने खाली जातो. १ ग्रॅमने जड असला तरी अडीच सेमी. चूक किती बारीक असू शकते ते यावरून कळेल.

बाजूला सारलेलं पाणी गणिताने काढू नका, मोजा. ११० मिमीच्या पाइपचा ६० सेमी तुकडा घ्या, खाली एंड कॅप सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवा. एक ग्रॅम दाखवणाऱ्या, १० किलो क्षमतेच्या काट्यावर तो उभा करा, ३ लिटर पाणी ओता आणि काटा शून्यावर आणा. आता बाजूचे पर काढलेला मासा दोऱ्याने पूर्ण बुडवा. तरंगत असेल तर बारीक तारेने दाबा. तळाला टेकू देऊ नका, भिंतीला घासू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं पाणी माशाने सारलं. त्यातून माशाचं कोरडं वजन वजा केलं की किती शिसं घालायचं ते कळतं. काढलेल्या परांचाही हिशेब असाच वेगळा करा. शिसं बाहेरून लावणार असाल तर १० ग्रॅमचा तुकडा स्वतःही ०.९ मिली पाणी सारतो, तेव्हा उपयोगी पडतात ९.१ ग्रॅमच. हात धुवायला विसरू नका.

मोजण्याआधी मासा पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, डोकं वर-खाली करून हलवा. शेपटीच्या सिलिकॉन कातडीखाली आणि स्क्रूच्या भोकांत अडकलेली हवा हीच सगळ्यात मोठी फसवणूक. थ्रीडी प्रिंट केलेले भाग आतून पोकळ असतील तर तासाभरात हळूहळू पाणी पितात; ते भरीव छापा किंवा इपॉक्सीचा हात द्या. तरंगण्यासाठी योगा मॅटचा मऊ फोम लावू नका, तो खोलीवर दबतो.

आता खोली बदलायचं यंत्र. निसर्गात दोन पद्धती आहेत. रोहूला वाताशय, म्हणजे पोटात हवेची पिशवी असते. पालघरकडे घोळ माशातल्या ज्या बोताला सोन्याचा भाव येतो, तो हाच अवयव. मुशीला, म्हणजे शार्कला वाताशय नसतो. ती छातीच्या परांवर उचल घेते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ‘सोफी’ या रोबो-माशाने २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फिजीच्या प्रवाळांमध्ये १८ मीटरपर्यंत पोहून दाखवलं, तेव्हा त्यात दोन्ही होतं: हवा दाबणारा पिस्टन आणि बाजूचे पर. आपणही दोन्ही ठेवू.

वाताशय म्हणून फुगा वापरायचा मोह टाळा. पृष्ठभागावर २० मिली असलेला फुगा ३ मीटरवर साडेपंधरा मिली होतो. मासा जितका खाली जातो तितका जड होत जातो, आणि वर येताना उलटं. त्यापेक्षा २० मिलीची, रबरी टोकाच्या दट्ट्याची सीरिंज बरी. तिचं तोंड माशाच्या पोटातून बाहेर काढा आणि दट्ट्या एन२० गिअर मोटर (छोटी, सावकाश फिरणारी मोटर) व लीड स्क्रूने (आटे असलेल्या दांड्याने) ओढा. पाणी आत आलं की मासा जड होतो, बाहेर ढकललं की हलका. इथे बाजारात हमखास फसगत होते. ‘टी८’ म्हणून मिळणारा स्वस्त स्क्रू बहुधा चार आट्यांचा, एका फेऱ्यात ८ मिमी सरकणारा असतो; पाण्याच्या दाबाने तो उलटा फिरू शकतो. २ मिमी सरकणारा मागून घ्या. तो वीज बंद केल्यावरही जागचा हलत नाही. २० मिलीसाठी दट्ट्या सुमारे ६६ मिमी सरकतो, म्हणजे ३३ फेरे. १०० आरपीएमच्या मोटरला वीस सेकंद. ३ मीटरवर पाण्याचा जोर फक्त ९ न्यूटन असतो, रात्रभर पडून राहिलेल्या रबराची पकड त्याहून जास्त भरू शकते. सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीनने नैसर्गिक रबर फुगतं.

सीरिंज मध्यावर, म्हणजे १० मिलीवर ठेवूनच शिसं जुळवा. तिची जागा माशाच्या लांबीच्या मध्याजवळ असू द्या. १० मिली पाणी मध्यापासून १० सेमी पुढे भरलं, आणि गुरुत्वमध्य (माशाच्या वजनाचा मध्य) उत्प्लावनमध्याच्या (सारलेल्या पाण्याच्या मध्याच्या) १ सेमी खाली असला, तर नाक सुमारे ४ अंश झुकतं. तेच अंतर ३ मिमी असेल तर १३ अंश. म्हणून बॅटरी आणि शिसं तळाशी ठेवा. स्लोकम ग्लायडर या समुद्रात फिरणाऱ्या स्वयंचलित यंत्रात पंप मुद्दाम नाकातच असतो, कारण त्याला झुकूनच सरकायचं असतं. टाकीत एका जागी थांबणाऱ्या माशाला ते नको.

पाणी बदललं की हिशेब बदलतो. गोड्या पाण्यात जुळवलेला हा मासा समुद्रात सुमारे ४० ग्रॅमने हलका पडतो. ते सीरिंजच्या आवाक्याबाहेर आहे, शिसंच वाढवावं लागतं. पाणी २० अंशांवरून ३० वर गेलं तरी पावणेचार ग्रॅमचा फरक येतो. सकाळी स्थिर असलेला मासा दुपारी बुडतो तो यामुळे.

खोली मोजायला एमएस५८३७-०२बीए हा दाबमापक घ्या. १ मीटरला ९८ मिलिबार वाढतात. दर वेळी सुरू करताना हवेतला दाब शून्य धरा. सेन्सर नाकावर नको, बाजूला बसवा. नाहीतर पोहण्याचा वेगही खोली म्हणून मोजला जातो.

खोलीतल्या चुकीच्या प्रमाणात थेट दट्ट्या हलवला, तर मासा यो-योसारखा वर-खाली होत राहतो. कारण सीरिंज वजन बदलते, वजनाने वेग बदलतो आणि वेगाने खोली. दट्ट्या तर आधीच सावकाश. दोन पायऱ्या करा. खोलीतल्या चुकीच्या दहाव्या हिश्श्याइतका वेग मागा, पण सेकंदाला ५ सेमीपेक्षा जास्त नाही. मागितलेला आणि प्रत्यक्ष वेग यांतल्या प्रत्येक १ सेमी/सेकंद फरकाला १ मिली पाणी घ्या किंवा सोडा. सीरिंजचा मध्यबिंदू किंचित चुकलेला असतोच, तो दुरुस्त करायला अगदी मंद इंटिग्रल (साचत गेलेल्या चुकीवरून होणारी दुरुस्ती) जोडा. चूक ३ सेमीच्या आत आली की मोटर थांबवा, नाहीतर ती घरघरत बॅटरी संपवते.

पर फक्त पोहताना उपयोगी. ३० सेमी² चे दोन पर सेकंदाला २० सेमी वेगाने जवळपास १० ग्रॅमची उचल देतात. वेग निम्मा केला की अडीच ग्रॅमच. २० अंशांपलीकडे वळवू नका, उचल कोसळते. शेपटी चालू असेल तेव्हा सीरिंज आहे तिथेच थांबवा आणि परांनी काम करा. शेपटी थांबली की उलट.

पाण्यात सोडण्याआधी आत बीएमपी२८० हा हवेचा दाबमापक ठेवून गळती तपासा. झाकणातल्या भोकातून ५० मिलीच्या सीरिंजने हवा ओढून भोक बंद करा. आत ६०० मिली मोकळी हवा असेल तर दाब सुमारे ८ किलोपास्कल उतरतो. पंधरा मिनिटांत तो चढू लागला तर ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) केस किंवा वाळूचा कण शोधा. तापमानही बघा, कारण १ अंशाने दाब ०.३ किलोपास्कल हलतो.

२.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ पाण्याखाली काही सेंटिमीटरांतच मरतो. म्हणून दोन मिनिटं झाली, बॅटरी उतरली किंवा आतला दाब अचानक वाढला, तर सीरिंज पूर्ण रिकामी करण्याची आज्ञा माशाच्या आतच लिहून ठेवा. पण सीरिंजमध्ये पाणी भरतानाही आतली हवा दबते आणि २० मिलीला सुमारे साडेतीन किलोपास्कल वाढतात. ते गळती समजलं जाणार नाही अशी मर्यादा ठेवा. आणि पहिल्या काही बुड्या मांज्याला बांधूनच.