आयफ्रेमशी बोलताना: पोस्टमेसेज वापरायचा तो असा

दुकानाच्या पानात पेमेंटचा फॉर्म दुसऱ्या डोमेनवरून आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या चौकटीत, येतो. ओरिजिन म्हणजे पानाच्या पत्त्यातला प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट. ब्राउझरच्या सेम-ओरिजिन पॉलिसीमुळे वेगळ्या ओरिजिनच्या या दोन्ही पानांना एकमेकांच्या डॉमला (पानातल्या घटकांच्या रचनेला) हात लावता येत नाही, म्हणून निरोपासाठी जावास्क्रिप्टमधला पोस्टमेसेज वापरायचा. पण तो कुणाला द्यायचा आणि कुणाचा ऐकायचा, हे ब्राउझर ठरवत नाही. ते कोडमध्ये लिहावे लागते.

पाठवताना दुसरे आर्ग्युमेंट म्हणजे टार्गेट ओरिजिन. घाईत तिथे नुसता स्टार टाकला, तर त्या क्षणी फ्रेममध्ये जे पान असेल त्याला निरोप मिळतो. फ्रेम मध्येच भलतीकडे वळली असेल, तर निरोपातले टोकनही (गुप्त ओळखखूणही) तिकडेच जाते. म्हणून पूर्ण ओरिजिन लिहा: एचटीटीपीएस, होस्ट आणि पोर्ट 443 नसेल तर तोही. ओरिजिन जुळले नाही तर निरोप पोचत नाही आणि ट्राय-कॅचमध्येही काही सापडत नाही. कन्सोल उघडून पाहा.

घेताना इव्हेंटचे ओरिजिन तीन बरोबर चिन्हांनीच तपासा. सर्वाधिक चुका इथेच होतात. इन्क्लूड्स (मजकूर आत कुठेही आहे का, इतकेच पाहणारे) वापरले तर ‘पे डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’च्या पुढे स्वतःचे डोमेन जोडून कुणीही आत येतो. एंड्सविथमध्ये (फक्त शेवट जुळवणाऱ्या तपासणीत) आधीचा डॉट विसरला तर ‘नकलीएक्झाम्पल डॉट कॉम’ही पास होते. रेजेक्समध्ये (मजकूर जुळवायच्या नमुन्यात) डॉट एस्केप केला नाही तर तो कुठल्याही अक्षराशी जुळतो. तुमच्या परवानगीच्या यादीतल्या ओरिजिनला शेवटी स्लॅशही नको. टार्गेट ओरिजिनमध्ये तो चालून जातो, पण येणाऱ्या ओरिजिनमध्ये कधीच नसतो. मग तुलना कायम फसते आणि तासभर डोके खाजवावे लागते.

त्यासोबत इव्हेंटचा सोर्स म्हणजे तुमच्याच आयफ्रेमची कंटेंटविंडो (आतल्या पानाची विंडो) आहे ना, तेही पाहा. ब्राउझर एक्स्टेन्शनही याच विंडोवर निरोप टाकतात. अनोळखी निरोप आला तर एरर न फेकता परत फिरा.

ओरिजिन ओळखीचे असले तरी मजकुरावर आंधळा विश्वास नको, त्या साइटवरच एक्सएसएस (पानात परकी स्क्रिप्ट घुसवण्याचा हल्ला) झाला असेल. निरोपाचा प्रकार आणि प्रत्येक फील्डचा टाइप तपासा. मजकूर दाखवायला टेक्स्टकंटेंट वापरा, इनरएचटीएमएल नाही. आणि ‘पेमेंट झाले’ हा निरोप फक्त स्क्रीन बदलण्यापुरता. ऑर्डर पक्की करायची ती सर्व्हरने पेमेंट गेटवेकडून खात्री केल्यावरच.

पहिला निरोप हरवणे ही नेहमीची तक्रार. फ्रेममधली स्क्रिप्ट लिसनर (निरोप ऐकणारा कोड) लावण्याआधीच पालक पान बोलून मोकळे होते. सेटटाइमआउट हा यावर उपाय नव्हे. फ्रेमने लिसनर लावून ‘तयार’ असे कळवावे, मगच पालकाने बोलावे.

आयफ्रेमला सँडबॉक्स (आतल्या पानाचे अधिकार कमी करणारे अॅट्रिब्यूट) लावून त्यात अलाऊ-सेम-ओरिजिन दिले नाही तर इव्हेंटचे ओरिजिन ‘नल’ असे येते आणि पाठवायला स्टारच उरतो. तिथे सोर्स तपासा, गुपित काही पाठवू नका. फ्रेमचे पान तुमच्याच ओरिजिनचे असेल तर अलाऊ-स्क्रिप्ट्स आणि अलाऊ-सेम-ओरिजिन एकत्र देऊ नका. आतली स्क्रिप्ट सँडबॉक्स अॅट्रिब्यूटच काढून टाकू शकते.

फॉर्म तुमचा असेल तर सीएसपीच्या (पानासोबत ब्राउझरला दिलेल्या सुरक्षा-नियमांच्या) फ्रेम-अँसेस्टर्समध्ये परवानगीची डोमेन लिहा, नाहीतर तो कुणीही आपल्या पानात बसवेल. आणि रिअॅक्टमध्ये कंपोनंट उतरताना लिसनर काढा. राहिला तर एकाच निरोपावर हँडलर दोनदा चालतो.