साक्याचा लेख एका टोकाला आणि साक्याची चर्चा दुसऱ्या टोकाला, असं नको

देवगड-रत्नागिरीकडच्या हापूसवाल्यांच्या साइट बघितल्या की एक गोष्ट हमखास दिसते, लेख मस्त लिहिलेले असतात आणि वर मेनूत एक ‘चर्चा’ नावाचा टॅब असतो जो कोणी दाबतच नाही. माणूस साका या आंब्यातल्या दोषाबद्दल वाचतोय, आंबा बाहेरून चांगला दिसतो आणि कापल्यावर आत पांढरट आंबट गर निघतो हे त्याच्या घरी कालच झालंय, म्हणजे त्याला आत्ता, त्याच पानावर विचारायचंय. तिथे सोय नसेल तर तो व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणार आणि ते उत्तर दोन दिवसांत वर सरकून गायब.

म्हणून प्रत्येक लेखाला त्याचा स्वतःचा एक चर्चेचा धागा जोडा. डिस्कोर्स (चर्चामंच चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याच्या ॲडमिनमध्ये एम्बेडिंगला जाऊन आपलं डोमेन टाकायचं, तिथे मिळणारा छोटा कोड लेखाच्या टेम्प्लेटमध्ये शेवटी चिकटवायचा, बस. पान पहिल्यांदा उघडलं की धागा आपोआप तयार होतो आणि रिप्लाय लेखाखाली दिसायला लागतात. एक काळजी मात्र घ्याच, कोडमध्ये पानाचा पत्ता ब्राउझरमधून उचलू नका, लेखाचा ठरलेला एकच पत्ता द्या. फेसबुकवरून आलेल्या लिंकला मागे एफबीसीएलआयडीचं लांबलचक शेपूट लागलेलं असतं, ते तसंच गेलं तर एकाच लेखाचे दोन-तीन धागे होतात आणि चर्चा फुटते.

डिस्कोर्स आपलं आपण चालवायचं तर वेगळा सर्व्हर लागतो, निदान १ जीबी रॅमचा. तेवढं नको असेल आणि साइट वर्डप्रेसवर असेल तर बीबीप्रेस हे चर्चेचं प्लगिन घ्या, ते वर्डप्रेसच्या आतच चालतं त्यामुळे लॉगिनही एकच राहतं. वेगळं लॉगिन मागितलं की मे महिन्यात पेट्या भरायच्या गडबडीत असलेला बागायतदार परत येत नाही, त्यामुळे डिस्कोर्स असेल तर डिस्कोर्सकनेक्ट लावून साइटचंच खातं तिकडे चालेल असं करा.

आता खरं काम, जे बहुतेक जण करतच नाहीत. धाग्यात आलेलं चांगलं उत्तर लेखात वर न्यायचं. समजा तोडणीवरच्या लेखाखाली कोणी लिहिलं की ८५ टक्के तयार झालेला आंबा झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) सकाळी लवकर काढतो आणि झाडाखाली गवताचं आच्छादन ठेवतो, त्याने साका कमी झाला, तर ते आठ रिप्लायच्या खाली पडू देऊ नका. लेखात त्याचा परिच्छेद करा, सांगणाऱ्याचं नाव त्याला विचारून लिहा आणि मूळ रिप्लायची लिंक द्या. उलट बाजूनेही जोडा, धाग्यात सगळ्यात वर लेखाची लिंक असू दे, म्हणजे गूगलवरून थेट चर्चेत आलेला माणूस आधी लेख वाचेल.

सगळीच पानं जोडायची गरज नाही, दरपत्रक आणि ऑर्डरच्या पानाखाली चर्चा नकोच, तिथे फोन नंबर पुरे. मोहोर, तुडतुडे ही कीड, करपा हा रोग, कल्टार (मोहोरासाठी झाडाला देतात ते वाढ रोखणारं औषध) आणि साका एवढ्यावर आधी लावा. आणि फवारणीचं प्रमाण सांगणारा रिप्लाय आला की तो दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी आणि बाटलीवरच्या लेबलाशी ताडून बघितल्याशिवाय लेखात वर नेऊ नका, चुकीचा असेल तर त्याच्या खालीच दुरुस्ती लिहा, कारण कोणीतरी ते वाचून उद्या सकाळी पंप भरणार असतो.