घरातल्या लाद्यांवर लहान मुलांना कोडिंग कसं शिकवायचं

चार-पाच वर्षांच्या मुलाला कोडिंग शिकवायला लॅपटॉप लागत नाही, आधी क्रम कळला पाहिजे. मुंबई लोकलच्या स्टेशनांच्या, दादर, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे अशा चिठ्ठ्या करा, मिसळा आणि लावायला सांगा, मग उलट, चर्चगेटकडे जाताना. वाचता येत नसेल तर दात घासण्याच्या पायऱ्यांची चित्रं चालतील.

मग खरी मजा. हॉलमधल्या लाद्यांवर तुम्ही रोबोट व्हायचं, मुलाने बाणांच्या चिठ्ठ्या ओळीने मांडायच्या, एक लादी पुढे, उजवीकडे वळ, परत पुढे, आणि तुम्ही अगदी तस्संच चालायचं, समोर सोफा आला तरी स्वतःहून वळायचं नाही हं, कारण कॉम्प्युटर मनाने काही करत नाही हे मुलांना इथेच कळतं. चुकलं तर उत्तर सांगू नका प्लीज! पहिल्या चिठ्ठीपासून पुन्हा चाला, कुठली बदलायची ते त्यालाच शोधू दे, डिबगिंग म्हणजे हेच. चार वेळा ‘पुढे’ आलं की एकाच चिठ्ठीवर ४ लिहा, झाला लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा.

स्क्रॅच ज्युनिअर हे फ्री ॲप ५ ते ७ वयासाठी आहे, सूचनांचे चित्रांचे ब्लॉक डावीकडून उजवीकडे जोडायचे, वाचता यायलाच हवं असं नाही. पण ते नंतर, आधी लाद्यांवर मनसोक्त खेळू द्या.