कोळसा खरेदीचे आकडे मागताना ‘व्यावसायिक गोपनीयता’ आडवी आली तर

सरकारी वीज कंपनी कोळसा काय भावाने घेते आणि त्यातून उष्णता किती मिळते (म्हणजे त्याचा उष्मांक), याचा भार शेवटी ग्राहकाच्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ म्हणून येतो. तरी माहिती अधिकारात हे आकडे मागितले की पुष्कळदा एका ओळीचं उत्तर मिळतं: व्यावसायिक गोपनीयता, कलम ८(१)(घ), माहिती देता येत नाही. अर्ज नीट बांधला तर हे उत्तर टिकत नाही.

आधी खरंच गोपनीय काय आहे ते बाजूला काढा. चालू निविदेतले देकार किंवा पुरवठादाराच्या खर्चाची अंतर्गत फोड मागू नका. तिथे नकार रास्त असतो आणि त्यापायी सगळा अर्ज अडकतो. मागायचं ते माल उतरून पैसे चुकते झालेल्या व्यवहारांचं. कलमाची अट अशी आहे की माहिती उघड झाल्याने त्रयस्थ पक्षाच्या, म्हणजे इथे पुरवठादाराच्या, स्पर्धात्मक स्थानाला हानी पोहोचली पाहिजे. वेस्टर्न कोलफील्ड्स किंवा महानदी कोलफील्ड्स या कोल इंडियाच्या उपकंपन्यांकडून करारानुसार येणाऱ्या कोळशाचा मूळ दर कोल इंडिया स्वतःच जाहीर करते. त्या दरात लपवण्याजोगं काही नाही. खासगी आयातदाराच्या बाबतीत हरकत जोरदार येईल, म्हणून आयात कोळशाचा अर्ज वेगळा ठेवा.

‘कराराची प्रत द्या’ एवढंच लिहिणं पुरत नाही. करारात दराचं सूत्र असतं. पैसा कुठे गळतो ते रेकनिहाय, म्हणजे कोळशाच्या एकेका मालगाडीच्या, नोंदींत दिसतं. भुसावळ वीज केंद्रासाठी अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

‘एप्रिल ते जून २०२४ या काळात केंद्रात आलेल्या प्रत्येक कोळसा रेकसाठी: पुरवठादार, रेल्वे पावतीचा क्रमांक व दिनांक, पावतीवरील आणि प्रत्यक्ष वजन, बिलातील ग्रेड, त्रयस्थ नमुना चाचणीतील उष्मांक, केंद्रात मोजलेला उष्मांक, दोन्ही ठिकाणची आर्द्रता, चुकती केलेली रक्कम, ग्रेड घसरणीपोटी मिळालेली क्रेडिट नोट. एखादा भाग देता येत नसल्यास कलम १० नुसार तो वगळून उरलेली माहिती द्यावी.’

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये. ‘निकृष्ट कोळसा का घेतला?’ असे प्रश्न घालू नका, कायदा अभिलेख मिळवून देतो, खुलासे नाही. दहा वर्षांचं एकदम मागितलंत तर कलम ७(९) पुढे करून मागितलेल्या स्वरूपात माहिती द्यायचं टाळलं जाईल. एक केंद्र, एक तिमाही पुरे. करार व देयकं मुख्यालयात आणि प्रयोगशाळेची नोंदवही केंद्रात असते, तेव्हा दोन जन माहिती अधिकाऱ्यांकडे दोन अर्ज करा.

आर्द्रतेचा रकाना विसरू नका, कारण इथेच भले भले फसतात. कोळशाची ग्रेड, म्हणजे उष्मांकानुसारची प्रत, ठरते ती ठरावीक तापमान व दमटपणात स्थिरावलेल्या नमुन्यावर; केंद्र मोजतं ते ओल्या, जसा आला तशा कोळशावर. समजा बिलात किलोमागे ४,१०० किलोकॅलरी आणि त्या नमुन्यात आर्द्रता ६ टक्के आहे. केंद्रात एकूण आर्द्रता १४ टक्के निघाली, तर ४,१०० ला ८६ ने गुणून ९४ ने भागा: सुमारे ३,७५० येतात. म्हणजे ३५० ची घट नुसत्या पाण्याने झाली, आणि इथे एका ग्रेडचा पट्टा ३०० चाच असतो. हा हिशेब न करता ‘घोटाळा’ म्हटलंत तर कंपनी एका परिच्छेदात तुम्हाला खोडून काढील. केंद्राचा आकडा ३,४०० निघाला, तर मात्र उरलेल्या ३५० चं उत्तर कंपनीने द्यायलाच हवं.

‘पुरवठादाराने हरकत घेतली’ असं कळवून प्रकरण बंद करणं चुकीचं आहे. कलम ११ प्रमाणे अर्ज आल्यापासून ५ दिवसांत पुरवठादाराला नोटीस जाते, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात आणि अधिकाऱ्याने ४० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हरकत विचारात घ्यायची असते. तिला नकाराधिकार नाही. नोटिशीची आणि हरकतीची प्रत मागून घ्या.

पहिलं अपील ३० दिवसांत करा. त्यात तीन मुद्दे ठळक हवेत: कोणत्या रकान्याने कोणाची काय हानी होते हे आदेशात लिहिलेलं नाही, कलम १० वापरलेलं नाही, इंधनाचा खर्च ग्राहक भरतात म्हणून कलम ८(२) खाली जनहित मोठं ठरतं. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. विश्वासाश्रित नात्याचं (माहिती विश्वासाने सोपवलेली आहे, म्हणून देता येत नाही, असं) कारण दिलं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा तोच बचाव २०१५ साली फेटाळला आहे, तो दाखला जोडा. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत.

तोवर विद्युत नियामक आयोगाची वाट मोकळी आहे. दरवाढीची याचिका जाहीर करावीच लागते आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात, हे विद्युत अधिनियम २००३ चं कलम ६४ सांगतं. याचिकेच्या जोडपत्रांत केंद्रनिहाय उष्मांक, कोळशाचा पोहोच दर (वाहतुकीसह केंद्रापर्यंतचा) आणि वाहतुकीतली घट असते. ती पानं काढून अपिलाला जोडा: जे आकडे कंपनीने सरासरीत स्वतःहून जाहीर केलेत, त्यांचीच रेकनिहाय फोड तुम्ही मागता आहात.