एमडीए वाढला कुठे, रुग्णात की नळीत? या चुका टाळा

मेटाबोलिक सिंड्रोम (पोटाची चरबी, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी एकत्र बिघडलेली अवस्था) यावरच्या बहुतेक प्रबंधांत एक ओळ ठरलेली असते: रुग्णांचा एमडीए (मॅलॉनडायआल्डिहाइड, मेद खराब होताना तयार होणारा पदार्थ) निरोगी गटापेक्षा जास्त, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंमुळे होणारी पेशींची हानी) जास्त. खरं असेलही. पण रक्त कुठे काढलं, किती वाजता काढलं आणि सेंट्रीफ्यूजमध्ये (रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात) कधी गेलं हे विचारलं की समोरचा गप्प होतो.

शिबिरातलं चित्र बघा. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-पेठकडे सकाळी आठला रक्त काढायला सुरुवात होते. नळ्या स्टँडमध्ये टेबलावरच राहतात आणि दुपारी एकला गाडी नाशिकला निघते. एप्रिलमध्ये इथला पारा चाळिशीला टेकतो. कंट्रोल, म्हणजे निरोगी, गटात मात्र कॉलेजातलेच विद्यार्थी. त्यांचं रक्त लॅबशेजारच्या खोलीत काढतात आणि अर्ध्या तासात प्लाझ्मा (पेशी वगळून उरलेला रक्ताचा द्रव) वेगळा होतो. मग तुलना आजाराची झाली की प्रवासाची? नळीत तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर येतं, त्यातलं लोह मेदाच्या पेरॉक्साइडांचं विघटन करतं आणि एमडीए नळीतच तयार होतो. पुढे चाचणीत एमडीएचा रंग आणायला थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर ९५ अंशांवर तापवताना त्यात आणखी भर पडते. तो आकडा रुग्णाच्या धमन्यांबद्दल काहीही सांगत नाही.

उपाय कष्टाचा आहे, पण दुसरा नाही. छोटं सेंट्रीफ्यूज शिबिरात न्या, ते साध्या प्लगवर चालतं. ईडीटीएची (गुठळी होऊ न देणाऱ्या रसायनाची) नळी घ्या, ८-१० वेळा हलकेच उलटीसुलटी करा, झटकू नका. नळी बर्फाला थेट टेकवू नका, रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात. बर्फ घातलेल्या पाण्यात स्टँड ठेवा. अर्ध्या तासाच्या आत १५०० जी वर १० ते १५ मिनिटं फिरवा. जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीतलं बल) म्हणजे आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे: रोटरची त्रिज्या १० सेंमी असेल तर साधारण ३६६० आरपीएम लागतात. प्लाझ्मात बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घाला, छोट्या कुप्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. उणे २० चा फ्रीजर महिनोन्‌महिने साठवणीसाठी नाही. एक कुपी एकदाच वितळवायची. आणि रुग्ण व कंट्रोल यांची सॅम्पल एकाच बॅचमध्ये, सरमिसळ करून, सांकेतिक क्रमांकांनी लावा. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठात प्रबंध द्यायची तारीख जवळ आली म्हणून रुग्ण आज आणि कंट्रोल पुढच्या महिन्यात, असं करायचं असेल तर ही चाचणी घेऊच नका.

गुलाबी प्लाझ्मा दिसला की सॅम्पल बाद. ‘थोडंसंच हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) आहे’ हे वाक्य लॅबमध्ये चालवून घेऊ नये. रंग ५३२ नॅनोमीटरला वाचतो, हिमोग्लोबिनही त्याच भागात प्रकाश शोषतं. बारीक सुई, जोरात ओढलेला दट्ट्या आणि सुई न काढता नळीत ढकललेलं रक्त ही हिमोलिसिसची नेहमीची कारणं. शिवाय प्रत्येक सॅम्पलचा थायोबार्बिट्युरिक आम्लाविना ब्लँक (तुलनेची नळी) लावा, बिलिरुबिन आणि गढूळपणा त्यात कळतो.

‘उपाशी आहात ना?’ एवढंच विचारू नका. श्रावणात किंवा एकादशीला आलेली मावशी अगदी खरं बोलून ‘हो, उपवास आहे’ म्हणते आणि सकाळी सातला साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा कूट खाऊन आलेली असते. तिचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि साखर दोन्ही चढलेली मिळणार. ‘काल रात्री जेवल्यावर तोंडात काय काय गेलं? चहा? फराळ? तंबाखू?’ असं विचारा. पाण्याव्यतिरिक्त काही नको, १० ते १२ तास. व्हिटॅमिन सी-ईच्या गोळ्याही लिहून घ्या.

एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता मेटाबोलिक सिंड्रोममध्ये नॉर्मल किंवा जास्त आली तर ‘शरीर लढतंय’ असं लिहू नका. ही क्षमता मोजणाऱ्या फ्रॅप चाचणीत मोठा वाटा युरिक आम्लाचा असतो आणि या रुग्णांचं युरिक आम्लच वाढलेलं असतं. दोन्ही एकत्र मोजा. फ्रॅपला ईडीटीए प्लाझ्मा चालत नाही, ते लोहालाच धरून ठेवतं. सिरम (गोठलेल्या रक्तातून सुटलेला द्रव) किंवा हेपॅरिनच्या नळीतला प्लाझ्मा घ्या.

होमोसिस्टीन (जास्त असलं तर धमन्यांना धोका मानतात ते अमिनो आम्ल): पेशींसोबत ठेवलेल्या रक्तात ते तासाला साधारण १० टक्के वाढतं. जास्त आलं तर धमन्यांकडे बोट दाखवण्याआधी बी-१२ बघा, शाकाहारी घरांत तर नक्कीच.

एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) नॉर्मल म्हणजे सगळं ठीक, असं नाही. या आजारात एलडीएलचे कण लहान आणि संख्येने जास्त असतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा करा, जमलं तर अपो-बी (अशा कणांवरचं प्रथिन) करा. ट्रायग्लिसराइड ४०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर असतील तर फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढलेला एलडीएल छापू नका.

कंबर पँटच्या पट्ट्यावर मोजू नका. शेवटची बरगडी आणि कटीच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. आपल्याकडे पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० पासून पुढे धरतात.

एचएस-सीआरपीचं (शरीरातला दाह दाखवणाऱ्या प्रथिनाचं) एकक दोनदा वाचा. एका लॅबचा ०.३ मिग्रॅ प्रति डेसिलिटर आणि दुसरीचा ३ मिग्रॅ प्रति लिटर हे एकच आहेत, आणि एकाच तक्त्यात दोन्ही मिसळलेले सापडतात. १० मिग्रॅ प्रति लिटरच्या वर आलं तर आधी दात, घसा, लघवीचा संसर्ग तपासा आणि तो बरा झाल्यावर पुन्हा घ्या. एरवीही दोन आठवड्यांच्या अंतराने दोन सॅम्पल घेऊन सरासरी लिहावी.